शेपटी मॅडम

सरकारचा नवा नियम आला, की सुजाता मॅडम तो उभ्यानं वाचायच्या. त्यांना टेबल होतं, खुर्ची होती, डोक्यावर पंखाही होता, पण नियम वाचायला त्या माझ्या स्टोअरच्या दारात यायच्या. उजेडाला कागद धरायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि एका दमात शेवटपर्यंत जायचं. मग कागद माझ्या काउंटरवर ठेवून एकच प्रश्न विचारायच्या, "भाऊ, ह्यानं दादा वाचला असता का?"

उत्तर मी द्यायचं नसे. ते त्याच द्यायच्या, आणि बहुतेक वेळा ते "न्हाय" असायचं. मोठमोठे अधिकारी समित्या नेमून नियमांचं मूल्यमापन करतात, त्याचे जाडजूड अहवाल निघतात. आमच्या मॅडमचं मूल्यमापन ह्या एका प्रश्नात उरकायचं, आणि मला अजून त्याच्यापेक्षा बरा प्रश्न सापडलेला नाही.

आमचा कारखाना साखरेचा, धाराशिव जिल्ह्यातला. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि त्यांना झोंबावं अशीच माझी इच्छा आहे. साखर काढून झाल्यावर जो काळा चिकट पाक उरतो, ती मळी. ती साठवायचा एक जुना हौद आमच्याकडं जमिनीत बांधलेला होता. वर सिमेंटचा स्लॅब, स्लॅबला माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक, आत लोखंडी शिडी. लोक त्याला मळीची विहीर म्हणायचे. हंगाम संपला की तळाची मळी उन्हानं फसफसते आणि तिचा वायू खाली बसून राहतो. डोळ्याला काही दिसत नाही आणि वास मळीचाच येतो. माणूस शिडी उतरतो, खालच्या पायऱ्यांवर त्याचे गुडघे लटपटतात आणि तो तोंडावर पडतो.

त्या हौदात आधी उतरला तो माझा चुलतभाऊ बालाजी. आमच्या लोहाऱ्याचा, कंत्राटदाराकडं कामाला. तो पडला तेव्हा वर मिलिंद होता, बेंबळीचा, कायम कामगार, सुजाता मॅडमचा थोरला भाऊ. आमच्याकडं विहिरीत माणूस पडलं तर कोण पडलं हे विचारत नाहीत, जवळ असेल त्यानं उडी मारायची. तेवढ्या वेळापुरती जातही विचारत नाहीत, एरवी सगळा वेळ विचारतात. मिलिंद 'विहिरीत' बालाजीला काढायला उतरला. दोघंही बाहेर आले ते चादरीत.

कारखान्यानं अहवाल लिहिला. 'दोन्ही मृत कामगार परवानगीशिवाय हौदात उतरले. अपघाताचे कारण: कामगारांचा निष्काळजीपणा.' खाली वर्क्स मॅनेजर घोगरे साहेबांची सही. मिलिंदचं नाव त्यात 'मिलन' असं पडलं होतं. पुढं खटला झाला, कारखान्यानं दंड भरला आणि विषय मिटला. आमच्या घरातल्या एकाला, म्हणजे मला, स्टोअरमध्ये नोकरी देऊन कारखान्यानं आमचं तोंड बंद केलं. माझे डोळे मात्र उघडे होते.

घोगरे साहेबांबद्दल सांगायलाच हवं. माणूस गोरागोमटा, आवाज भारदस्त, शर्टाच्या खिशाला सोनेरी टोपणाचं पेन. कोणी कागद घेऊन आलं, की न बघताच म्हणायचे, "टाका इकडं," आणि सही ठोकायचे. वाचायचं नाही, हा त्यांचा रुबाब होता. कामगाराला नाव असतं हेही त्यांना मान्य नसावं. सगळ्यांना "ए". बालाजी आणि मिलिंद ज्या सकाळी उतरले, त्या सकाळी हौद धुवायला सांगणारा "ए" त्यांचाच. हवा तपासायची जबाबदारीही त्यांचीच. अहवालात ह्यातलं अक्षर नव्हतं.

तेव्हा सुजाता मॅडम धाराशिवला कॉलेजात शिकत होत्या. त्यांनी पुढं औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक्रम केला, लग्न झालं, वाघमारेच्या कांबळे झाल्या. इकडं आमच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसरची जागा कागदावर भरलेली आणि खुर्चीवर रिकामी. एकदा सरकारी नोटीस आली, तेव्हा जाहिरात द्यावी लागली. अशा आडगावात कोण येतंय म्हणून जो पहिला अर्ज आला तो घोगऱ्यांनी मंजूर केला, अर्थातच न वाचता. पहिल्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"बेंबळीची. मिलिंद वाघमारेची बहीण."

साहेबांनी चहा तसाच सोडून मॅडमचा अर्ज मागवला, असं शिपायानं मला येऊन सांगितलं. मी त्या शिपायाला दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

दुपारी मॅडम स्टोअरला आल्या. मी बालाजीचा भाऊ हे त्यांना कळलं होतं. मला वाटलं, ही बाई मला बोलणार. तुमच्या माणसापायी माझा भाऊ गेला असं म्हणायचा तिला हक्क होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, आपल्या दोघांचा माणूस एकच हाय," आणि खिडकीतून घोगऱ्यांच्या केबिनकडं बोट केलं. तिथून आमची गट्टी जमली.

कामगारांना सेफ्टी म्हणता येत नसे. कोणी शेप्टी म्हणे, त्याची शेपटी झाली, आणि महिन्याच्या आत सगळा कारखाना पाठीमागं त्यांना शेपटी मॅडम म्हणायला लागला. मी जपून कानावर घातलं तर हसल्या. "खरंच हाय की. साहेबाच्या मागं लागायलाच आले मी. शेपटी कुठं सुटती का?"

माणसं डूख धरतात, ती सापासारखी दबा धरून बसतात असं आपण समजतो. ह्या बाईंनी डूख उघड्यावर धरला होता, कार्यालयीन वेळेत, टिफिनचा डबा घेऊन. रोज सकाळी साहेबांना नमस्कार घालायच्या आणि त्यांच्या टेबलावर एक नियम ठेवायच्या. ओरडणं नाही, शिवी नाही. मी एकदा म्हणालो, "मॅडम, ह्यापेक्षा चार शिव्या हासडा, मोकळं वाटंल." तर म्हणाल्या, "शिवी दिली की आपुन मोकळं होतो, भाऊ. त्याला कशाला मोकळं करू?"

नियमांना मात्र त्या प्रामाणिक होत्या. हेल्मेट सक्तीचं परिपत्रक आलं तेव्हा वाचून म्हणाल्या, "हौदात डोक्यावर काय पडणार होतं? दादा न्हाय वाचला." मी कागद बाजूला सारायला लागलो तर हातावर चापट मारली. "ठिवा नीट. माझ्या दादाचा न्हाय, पण कुणाच्या तरी दादाचा नियम असंल." आणि दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट नसलेल्याला गेटातून आत घेईनात. सुरक्षा सप्ताहात छातीला बिल्ला लावून शपथ घ्यायची असते, तेव्हा म्हणाल्या, "बिल्ला पण गुदमरला असता." आणि कारखान्यांनी स्वतःच स्वतःची तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं अशी काहीतरी योजना आली, तेव्हा कागद वाचून झाल्यावर बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या. "म्हंजे घोगऱ्यालाच इचारायचं, बाबा रे, तू हवा तपासली व्हतीस का?" त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर हौदाच्या स्लॅबवर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: ही विहीर नाही. लोक हसले. विहीर नाही हे काय लिहायचं, दिसतंच आहे की. मॅडमनी सगळ्यांना तिथं उभं केलं आणि म्हणाल्या, "आजपासून ह्याला जो विहीर म्हणंल, त्याच्याशी मी बोलायची न्हाय. विहीर म्हटलं की आपले पाय आपोआप उडी मारतात. शब्दच तसा हाय. दादाला त्या शब्दानं आत ओढलं. हितं कुणी पडलं तर उडी मारायची न्हाय. दोरी ओढायची."

दोरीचा नियम जुनाच आहे. बंदिस्त जागेत उतरायचं तर आधी हवा तपासून लेखी दाखला, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी आणि दोरीचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. मॅडमच्या लेखी हा एकच नियम दादाच्या सगळ्यात जवळ येत होता, आणि तरी तो त्यांना टोचत होता. "बाहेर उभा असलेला माणूस म्हंजे कोण, भाऊ? त्याला नाव न्हाय. ज्याला नाव न्हाय त्याला पकडायचं कसं?"

मधे एकदा नव्या नियमांचा मसुदा निघाला आणि धाराशिवला हरकती-सूचनांची बैठक लागली. मॅडमनी मलाही नेलं. मोठा हॉल, कारखान्यांचे मॅनेजर, बिस्किटांच्या बशा, समोर एक तरुण अधिकारी. बिचारा सभ्य होता, सगळ्यांचं ऐकून घेत होता. मॅनेजर लोकांच्या हरकती एकाच सुरातल्या: कागद कमी करा, तपासण्या कमी करा. मॅडमची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "दोरीचं टोक बाहेरच्या व्यक्तीच्या हातात असावं, असं ह्यात लिहिलंय. ही व्यक्ती कोण?"

"कोणीही सक्षम व्यक्ती, मॅडम."

"सक्षम व्यक्ती म्हंजे कंत्राटदाराचा माणूस. काही झालं की निष्काळजी पण तोच. माझी सूचना एका ओळीची हाय. दाखल्यावर ज्याची सही, दोरी त्याच्या हातात."

मागून एक मॅनेजर हसत म्हणाला, "मग सही कोण करील हो?"

"तेच म्हणते मी," मॅडम मागं वळून म्हणाल्या. "मग सही करताना वाचतील तरी."

हॉल हसला. अधिकाऱ्यानं सूचनेची नोंद घेण्यात आल्याचं सांगितलं. नोंद घेतली म्हणजे पुढं काय होतं, हे सरकारी कचेरीत कधी गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अंतिम नियम आले तेव्हा त्यात 'व्यक्ती' तशीच बिननावाची होती. मॅडमनी ते दारात उभ्यानं वाचले, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "सरकारनं न्हाय लिहिलं. आपुन लिहू."

संधी चालून आली ती चेअरमन साहेबांच्या हौसेपायी. त्यांना कारखान्यासाठी सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीचं प्रमाणपत्र हवं होतं. भिंतीवर लावायचं, सभेत दाखवायचं. पुण्याहून लॅपटॉपवाले तपासनीस आले. त्यांनी समजावलं, की तुमची कामाची पद्धत तुम्हीच लिहायची, मात्र एकदा लिहून सही झाली, की तसंच वागावं लागेल. वर्षा-वर्षानं आम्ही येऊन बघू, तसं वागला नाहीत तर प्रमाणपत्र जाईल. त्या दिवशी मॅडम स्टोअरला आल्या त्या जवळजवळ पळत. मी आपणहून विचारलं, "ह्यानं वाचला असता का?"

"ते ठाऊक न्हाय. पण ह्यात घोगरे घावतो."

मग त्यांनी पद्धत लिहिली. फायलींचा ढीग झाला. हौदाच्या पानावर त्यांनी शुद्ध मराठीत लिहिलं होतं: 'प्रवेशाच्या दाखल्यावर वर्क्स मॅनेजर सही करतील. दोरीचे बाहेरचे टोक सही करणाऱ्याच्याच हातात राहील. आतील कामगाराला ते थोड्या थोड्या वेळाने नावाने हाक मारतील व उत्तराची वाट पाहतील. हे काम इतर कोणाकडेही सोपवता येणार नाही.' ढीग साहेबांच्या टेबलावर गेला. मॅडम हात बांधून समोर उभ्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"टाका इकडं," ते म्हणाले.

प्रमाणपत्र आलं, काचेच्या फ्रेममध्ये बसलं, चेअरमन साहेबांचा सत्कार झाला. मग उन्हाळा आला आणि हौद धुवायचा दिवस आला. मॅडमनी माझ्याकडून पट्टा आणि दोरी घेतली आणि साहेबांना निरोप पाठवला. आधी ते हसले, मग चिडले, मग फाइल मागवली. स्वतःची सही असलेलं पान त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. चेअरमन साहेबांना फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं, "धरा की दोरी, त्यात काय. प्रमाणपत्र जायला नको."

आमच्याकडचं एप्रिलचं ऊन कसं असतं ते मी सांगत बसत नाही. सिमेंटचा स्लॅब तापलेला, भोकावर उंच लोखंडी तिपाई, तिपाईला कप्पी, कप्पीवरून गेलेली दोरी आणि तिचं टोक घोगऱ्यांच्या गोऱ्या हातात. पायाखाली 'ही विहीर नाही'. सगळा कारखाना काही ना काही निमित्त काढून तिथून जात होता. मीही दोनदा गेलो. मला आजही ते आठवलं की काळीज गार होतं.

आत कंत्राटदाराचा लक्ष्मण उतरला होता. साहेबांनी वाकून हाक मारली, "ए, आहेस का?"

"ए हे नाव न्हाय, साहेब," मॅडम म्हणाल्या. त्या हवा मोजायचं यंत्र घेऊन शेजारी उभ्या होत्या. "पद्धतीत नावानं लिहिलंय."

"ह्याचं नाव काय?"

"इचारा की त्यालाच. आत तुम्हीच पाठवलंय."

चार लोकांसमोर भोकात वाकून घोगऱ्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?" आतून आवाज आला, "लक्षुमन." मग दिवसभर ते 'लक्ष्मण' 'लक्ष्मण' करत होते. संध्याकाळी मॅडम मला म्हणाल्या, "माझ्या दादाचं नाव त्यानं मिलन लिहिलं. आता एकेकाचं नाव त्याच्याकडून घोकून घेते."

आणि घेतलंही. दर उन्हाळ्याला. सूड म्हणजे एकदाच काय तो घ्यायचा, अशी माझी समजूत होती. मॅडमनी तो हप्त्याहप्त्यानं, नियमानुसार घेतला. साहेबांच्या तळव्यांना घट्टे पडले. सही करण्याआधी ते वाचायला लागले, यंत्रावरचा आकडा स्वतः वाकून बघायला लागले. कंत्राटदारावर खेकसायचे, "पंखा आधी लाव, हवा खेळू दे, मग माणूस." मी मॅडमना म्हणालो, "साहेब सुधरले वाटतं." त्या म्हणाल्या, "सुधरला न्हाय. दोरी हातात हाय म्हणून भ्यालाय. ऱ्हाऊ दे भ्यालेला."

तेवढ्यानं त्यांचं समाधान नव्हतं. त्यांना तो शब्द खोडून पाहिजे होता, निष्काळजीपणा. त्यांनी जुना अहवाल दुरुस्त करण्यासाठी अर्ज केले होते. प्रकरण निकाली निघालं आहे, एवढंच उत्तर यायचं. बेंबळीत त्यांची आई होती. मुलगा गेल्यापासून गावातला कोणी ना कोणी तिला ऐकवायचा, की परवानगी न घेता उतरायला नको होतं पोरानं. आईला ते खरं वाटायला लागलं होतं. मॅडम म्हणायच्या, "कागद ऱ्हाऊ दे तसाच. घोगऱ्याच्या तोंडानं माझ्या आईला ऐकवायचंय. त्याशिवाय त्याला सोडत न्हाय."

मग तो दिवस आला. पुन्हा उन्हाळा, पुन्हा लक्ष्मण आत, दोरी साहेबांच्या हातात. सकाळी हवा तपासली तेव्हा ठीक होती. पण तळाला मळीचा जाड थर होता, तो लक्ष्मणनं खरवडला आणि खालचा दाबलेला वायू मोकळा झाला. मी नवीन पट्टे घेऊन तिथं गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. यंत्र ओरडायला लागलं. साहेबांनी हाक मारली, "लक्ष्मण." उत्तर नाही. पुन्हा मारली. काहीच नाही.

आणि घोगरे साहेबांनी काय केलं? दोरी टाकली, गुडघ्यावर बसले, एक पाय शिडीवर ठेवला आणि उतरायला लागले. पट्टा नाही, परवानगी नाही, काही नाही. शेवटी तेही शेतकऱ्याचंच पोर, विहिरीच्या काठावर वाढलेलं.

मॅडमनी मागून त्यांची कॉलर धरली. बाई अंगानं किरकोळ, पण असा हिसका दिला की साहेब स्लॅबवर पाठीवर आपटले. "ही विहीर न्हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "दोरी धरा."

साहेबांनी दोरी धरली. आम्ही तिघंचौघं मागून लागलो. लक्ष्मण वर आला तो गोणीसारखा लोंबकळत. त्याला लिंबाखाली निजवलं, कारखान्याच्या डॉक्टरनं प्राणवायूची नळी लावली, आणि जरा वेळानं त्यानं डोळे उघडून पहिलं काय म्हटलं असेल, तर "माझी चप्पल खाली राहिली." सगळे हसत हसत रडायला लागले. मी तर बालाजीला आठवून मोठ्यानं रडलो.

साहेब स्लॅबवरच बसून होते. तळवे सोलवटले होते. मॅडम त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, तुम्ही परवानगीशिवाय उतरत व्हता. आत मेला असता, तर अहवालात कारण काय लिहायचं मी?"

साहेब दोरी गुंडाळायला लागले.

"तुमचाच शब्द हाय. आठवतो का?"

"मी विचारच केला नाही हो," साहेब म्हणाले. "माणूस आत होता. मी विचारच केला नाही."

"दादानं पण न्हवता केला."

त्यानंतर घोगरे साहेब जे रडले ते मी पाहिलं. मला दया आली नाही. खरं सांगतो, येऊ द्यायचा प्रयत्नही मी केला नाही. मॅडम तेवढा वेळ तिथंच बसून राहिल्या, रडून होईपर्यंत. मग म्हणाल्या, "रविवारी बेंबळीला या. आई घरी असती."

रविवारी ते आले. मीही गेलो होतो. घर साधंच, ओसरीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली मिलिंदचा. आईला दिसायला कमी झालं होतं. कोणीतरी साहेब आलेत एवढंच कळल्यावर ती म्हातारी म्हणाली, "सुजे, पाणी दे त्यास्नी."

सुजाता मॅडम दारातच उभ्या होत्या, नियम वाचताना उभ्या राहायच्या तशा. "आधी बोलू दे, आई. मग पाणी."

शेजारची माणसं जमली होती. घोगरे साहेब चप्पल काढून ओसरीसमोर उभे राहिले. उन्हातून आलेले, पाणी मिळालेलं नव्हतं. तरी बोलले. "आई, मिलिंदची काही चूक नव्हती. हवा तपासायचं काम माझं होतं. मी तपासली नाही, तपासायला लावलीही नाही. मी खोटं लिहिलं." मिलिंद हे नाव त्यांनी बरोबर घेतलं.

आईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग विचारलं, "मग इतकी वर्सं का न्हाय सांगितलं, बाबा?"

आई स्वतः चाचपडत उठली, माठातून तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरला. ते गटागटा प्यायले. मॅडमनी तांब्याला हात लावला नाही.

परत येताना जीपमध्ये मी विचारलं, "झालं का समाधान?"

"समाधान कशाला पाहिजे, भाऊ? पुढच्या उन्हाळ्याला दोरी परत त्याच्याच हातात हाय."

घोगरे साहेब निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याच हातात राहिली. निरोप समारंभात शाल-नारळ झाला, भाषणं झाली. मॅडम एवढंच बोलल्या, "साहेबांना आता सगळ्या कामगारांची नावं पाठ आहेत." टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांना ते कौतुक वाटलं.

साहेब गेल्यावर मॅडमचा जीव इथं रमेना. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात टाकी साफ करताना माणूस गेल्याची बातमी आली. अहवालात कारण काय होतं ते सांगायला नको. महिन्याभरात मॅडमनी राजीनामा दिला आणि तिथं अर्ज टाकला. निघायच्या दिवशी स्टोअरला आल्या. मी म्हणालो, "तिथं कशाला जाताय? तिथं तुमचा दादा न्हाय."

"कुणाचा तरी हाय की," त्या म्हणाल्या. "तिथला घोगरे कोण हाय ते बघून येते." पर्स खांद्याला लावली आणि निघाल्या. मी गेटापर्यंत गेलो. माझे डोळे भरले होते, पण त्यांनी मागं वळून पाहिलंच नाही.

आता नवीन वर्क्स मॅनेजर आलेत. तरुण आहेत, हुशार आहेत, सगळं वाचतात. सरकारचे नवे नियम त्यांनी मला वाचून दाखवले. सही करणाऱ्यानंच दोरी धरावी असं त्यात कुठंही नाही, म्हणून आपल्या पद्धतीतली ती ओळ त्यांनी काढून टाकली. ह्या उन्हाळ्यात हौद धुवायच्या दिवशी त्यांनी दाखल्यावर सही केली आणि पट्टा-दोरी न्यायला शिपाई पाठवला.

मी शिपायाला रिकामा परत पाठवला. फोन आला, "काय अडचण आहे?"

"अडचण काही न्हाय, साहेब. दोरी माझ्याकडं हाय. सही केलेल्या हातातच देतो."

"तसा नियम नाही आता."

"नियम न्हाय," मी म्हणालो. "भाऊ हाय."

पलीकडं फोन आपटला. मग ते स्वतः आले, भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, चिडलेले. मी दोरी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "आत कोण उतरतंय त्याचं नाव इचारून घ्या. हाक मारायला लागंल."

"काय नाव आहे त्याचं?" त्यांनी मला विचारलं.

"त्यालाच इचारा," मी म्हणालो.